तळघरातलं पाणी: नाली, पंप की वॉटरप्रूफिंग?

तळघरात ओल दिसली की बहुतेक जण आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी पाणी येतंय कुठून ते बघा. पाऊस चालू असतानाच येतं की उघडीप पडून दोन दिवस झाले तरी भिंत आणि फरशीच्या सांध्यातून पाझरत राहतं?

पहिला प्रकार बहुधा रॅम्पचा, म्हणजे गाडी तळघरात उतरवायच्या उताराचा. वरच्या तोंडाशी उंचवटा करा, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येणार नाही, आणि खाली जाळीची आडवी नाली काढा. 40 चौरस मीटरच्या उघड्या रॅम्पवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 2000 लिटर पाणी खाली येतं. रॅम्पवर पत्रा टाकलात तर तेही टळेल.

दुसरा प्रकार चिवट. पुण्याकडे मुरुमाखाली कातळ लागतो. त्यात खणलेल्या खड्ड्यात, म्हणजे तुमच्या भिंतीमागेच, पावसाचं पाणी साचून राहतं. मीटरभर साचलं तरी तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन दाब येतो. आतून मारलेलं केमिकल त्यापुढे टिकत नाही, पोपडे धरतं. बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं तर उत्तम, पण ते बांधकाम चालू असतानाच. उभ्या घराला भिंतीकडेने नाली, कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप. प्लॉट उतारावर असेल तर पंपाऐवजी पाइपच खालच्या अंगाला काढा. त्याला वीज लागत नाही.

पंपात मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसवायचा, मोटर-पंप एकत्र असलेला) स्वस्त आणि दुरुस्तीला सोपा, पण फूट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी ओढायच्या पाइपच्या तळाशी असलेल्या झडपेत, कचरा अडकला की हवा धरतो, पाणी ओढत नाही. घरी कोणी नसताना त्याचा भरवसा नाही. मी फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की तरंगत वर येऊन पंप आपोआप चालू करणारा स्विच) डीवॉटरिंग सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा गढूळ पाणी उपसणारा पंप, घेईन. बोअरचा सबमर्सिबल इथे नको, गढूळ पाण्याने तो लवकर खराब होतो.

एका जुलैत आमच्याकडे पंप सोडायच्या दोरीतच फ्लोटची वायर अडकली. पंप धडधाकट, वीजही होती, आणि सकाळी तळघराची शेवटची पायरी दिसेना. म्हणून सांगते, दीड एचपीच्या एका पंपापेक्षा पाऊण एचपीचे दोन घ्या, दुसऱ्याचा फ्लोट थोडा वर बांधा. प्रत्येकाला वेगळा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे उपसलेलं पाणी परत न येऊ देणारी झडप, लावा. इन्व्हर्टरवर पंप सुरू होतो का, तेही मे महिन्यातच खड्ड्यात पाणी ओतून बघा.