जुन्या घरातल्या पाण्यात शिसे आहे का? घरी येऊन तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा अनुभव

पाचपैकी चार तारे, आणि तेही मनापासून. वडोदऱ्याच्या जुन्या वस्तीत राहत असाल आणि घरात तान्हं मूल असेल, तर ही तपासणी टाळू नका.

आमचं घर दांडिया बाजारात, आजोबांच्या वेळचं. नात वरच्या दुधावर आहे; पावडर कालवायची ती याच पाण्यात. शिशाला वास नाही, चव नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटलं की प्रमाण वाढतं. लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वात घातक. अमेरिकेत फ्लिंट शहरात २०१४ नंतर नळाच्या पाण्यात शिसे उतरून काय झालं ते वाचल्यापासून माझ्या जिवाला घोर होता.

प्रयोगशाळेचा मुलगा मराठीच. आदल्या दिवशीच फोनवर म्हणाला, "काकू, रात्री झोपताना नळ बंद केला की मी येईपर्यंत कुणी उघडायचा नाही." पाणी रात्रभर पाइपात साचून राहिलं, तरच शिसे किती उतरतं ते कळतं. याच एका गोष्टीसाठी मी त्यांना पैकीच्या पैकी देईन, कारण आधी एक जण दुपारी येऊन वाहत्या नळाची बाटली भरून घेऊन गेला होता. तसल्या तपासणीला काही अर्थ नाही.

पहाटे येऊन त्याने स्वयंपाकघरातल्या नळाची पहिली धार एका बाटलीत घेतली, पाणी थोडा वेळ वाहू देऊन दुसरी. महापालिकेचं पाणी सुरू झाल्याबरोबर तिसरी बाटली थेट रस्त्यावरून येणाऱ्या जोडणीची, टाकीची नव्हे. मग मीटरजवळचा पाइप किल्लीने खरवडला. शिसे मऊ असतं, खरवडलं की चांदीसारखं चकाकतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही. आमच्या पाइपाला चुंबक घट्ट चिकटलं, म्हणजे तो लोखंडी.

अहवालात पहिल्या बाटलीत लिटरला ०.०१४ मिलिग्रॅम शिसे निघालं. आयएस १०५०० या भारतीय मानकात मर्यादा ०.०१ आहे. बाकी दोन्ही बाटल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. म्हणजे दोष रस्त्यावरच्या लाइनीत नाही, आमच्याच जुन्या पितळी नळात. पितळेत शिसे मिसळलेलं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. नळ बदलून पुन्हा नमुना दिला, तो मर्यादेत आला.

एक तारा कापला तो अहवालामुळे. नुसते आकडे आणि इंग्रजी संज्ञा. कोणती बाटली कुठली, हे फोन करून विचारावं लागलं. सासूबाईंना मीच वाचून समजावलं.

बोलावणार असाल तर टाकीचा नळ आणि थेट जोडणीचा नळ वेगवेगळा तपासायचा, हे आधीच सांगून ठेवा. आणि नवी पीव्हीसी (प्लॅस्टिकची) लाइन टाकणार असाल, तर त्यातही शिसे असू शकतं, म्हणून शिसेविरहित असल्याचं पाइपावर छापलेलं बघूनच घ्या.