घरी लेक्चर रेकॉर्ड करण्याचे सात महिने: काय टिकलं आणि काय माळ्यावर गेलं

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या, त्याच आठवड्यात मी पहिला व्हिडिओ रेकॉर्ड केला. आता जानेवारी संपत आलाय. कराडमधल्या आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, तिथे बसून मी दहावीची भूमिती शिकवते. माझी निम्मी मुलं पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरची. पावसाळ्यात तिकडे विजेचा भरवसा नाही आणि रेंजचाही नाही. त्यात घरात फोन एकच, तो वडिलांचा. ते कामावरून आले, जेवले, की मग फोन मुलाच्या हातात येतो. अशा मुलांना संध्याकाळी सहाला लाइव्ह तासाला बोलावण्यात काय अर्थ? म्हणून रेकॉर्डिंग.

सुरुवातीला माझं सगळं लक्ष चित्राकडे होतं. दहा इंची रिंग लाइट आणला, ट्रायपॉड आणला, पाठीमागे छान पडदा लावला. रिंग लाइटचा गोल माझ्या चष्म्यात पडायचा आणि वहीच्या कागदावर चकाकी यायची. पंधरा दिवसांत तो माळ्यावर गेला, अजून तिथेच आहे. पडदाही पुन्हा खिडकीला लागला.

कारण मुलांची पहिली तक्रार चित्राची नव्हतीच. एका मुलीने लिहिलं, "बाई, आवाज विहिरीतनं आल्यासारखा येतोय." मी हेडफोन लावून ऐकलं तर तिचं म्हणणं शंभर टक्के खरं. खोलीत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, लोखंडी कपाट, आणि फोन माझ्यापासून चार फुटांवर. माझा थेट आवाज कमी आणि भिंतींवरून परत आलेला जास्त. माईकचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणजे महागडा माईक दूर ठेवण्यापेक्षा स्वस्त माईक जवळ ठेवलेला बरा.

मी बोयाचा बीवाय-एम१ हा कॉलर माईक घेतला, साडेआठशेच्या आसपास पडला. त्याची वायर ६ मीटरची आहे, त्यामुळे खोलीत कुठेही बसता येतं. त्यावर एक छोटा स्विच असतो. फोनला जोडताना तो स्मार्टफोनच्या बाजूला ठेवायचा, कॅमेऱ्याला जोडताना दुसऱ्या बाजूला, आणि तेव्हा आतला एलआर४४ सेल लागतो. माईक हनुवटीखाली एक वीत अंतरावर हवा. पदराला लावला तर कापड घासल्याची खरखर येते. मी कुर्त्याच्या गळपट्टीला लावते, ओढणी काढून ठेवते आणि मंगळसूत्र आत सारते, नाहीतर मान हलली की ते माईकवर आपटतं. या गोष्टी मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडल्या नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

खोलीचा घुमारा गोधड्यांनी मारला. ज्या भिंतीकडे तोंड करून बोलते तिच्यापुढे दोरीवर दोन गोधड्या, कपाटावर एक जाड चादर, पायाखाली सतरंजी. फोमचे तुकडे विकत आणायची गरज पडली नाही. पंखा बंद. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला पाच सेकंद काहीच बोलायचं नाही. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅमला ती शांतता नमुना म्हणून दाखवली की तो तशी घरघर पूर्ण आवाजातून कमी करतो. फक्त जपून. जास्त केलं तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याची हाक यांना हा उपाय चालत नाही, त्यामुळे मी पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ धरली आहे.

माझ्या नव्या फोनला गोल पिनचं भोकच नाही. मग जुना फोन कामाला आला. माईक जुन्या फोनला, चित्र नव्या फोनवर. दोन्ही सुरू केले की एकदा जोरात टाळी वाजवायची. संपादनात दोन्ही पट्ट्यांवर टाळीचा उंच सुळका दिसतो, ते दोन सुळके जुळवले की आवाज आणि ओठ जुळले. दहा मिनिटांच्या व्हिडिओत फरक पडत नाही, तासभर सलग रेकॉर्ड केलं तर आवाज हळूहळू सरकायला लागतो. एक अडचण मात्र मला आठवडाभर कळली नव्हती. फोन दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेत नाही, थोड्या मागेपुढे होतात, आणि संपादन करताना आवाज निसटतो. हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल आधी एकसारख्या फ्रेमच्या गतीवर आणून मग शॉटकट या संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली, तेव्हा ते थांबलं. हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत.

आता वहीवरच्या कॅमेऱ्याबद्दल. भूमितीत मुलाला माझा चेहरा बघायचा नसतो, कंपासचं टोक कुठे टेकलं ते बघायचं असतं. वळणाऱ्या मानेचा एक स्टँड आणला होता. फोनच्या वजनाने तो दर दोन मिनिटांनी खाली झुकायचा. शेवटी टेबलाच्या मागे पुस्तकांचे दोन ठोकळे रचले, त्यांवर एक लाकडी फळी पुढे काढून ठेवली, मागच्या टोकावर वजनाला शब्दकोश. फळीच्या कडेवर फोन, पडदा वर, मागच्या कॅमेऱ्याचा डोळा तेवढा बाहेर. तेव्हापासून हीच व्यवस्था आहे आणि एकदाही हललेली नाही. फोन आडवा झोपवला की चित्र उभं का आडवं याचा त्याचा गोंधळ होतो, म्हणून तो हातात आडवा धरूनच रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मग अलगद फळीवर ठेवायचा.

पांढरा कागद पडद्यावर राखाडी दिसतो, हा अनुभव प्रत्येकाला येईल. फोनला समोर सगळं पांढरंच दिसलं की तो उजेड कमी करतो. कागदावर बोट दाबून धरायचं, फोकस आणि उजेड दोन्ही बांधून टाकायचे आणि उजेड थोडा वर सरकवायचा. बांधलं नाही तर हात आत-बाहेर झाला की फोकस धडपडतो. मी उजव्या हाताने लिहिते, म्हणून दिवा डावीकडे, नाहीतर माझ्याच हाताची सावली अक्षरावर पडते. ट्यूबच्या उजेडात चित्रात पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

पेन्सिलीचा मुद्दा भूमितीवाल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. वहीत एचबीचा कंस आपल्याला स्वच्छ दिसतो, पण पाच इंची पडद्यावर तो नाहीसा होतो. मी आता कंपासमध्ये निळी रंगीत पेन्सिल घालते आणि मूळ आकृती जाड काळ्या पेनाने काढते. आधी दिलेलं ते काळं, आपण रचलेलं ते निळं. मुलंही वहीत तसंच करायला लागली आहेत.

हे सगळं जमलं तरी मुलं व्हिडिओ अर्धवट सोडत होती. माझा पहिला व्हिडिओ ३८ मिनिटांचा होता, वर्गातला तासच उचलून फोनसमोर ठेवलेला. यूट्यूबवर किती जण कुठपर्यंत बघतात त्याचा आलेख मिळतो. बहुतेक मुलं पाचव्या मिनिटाच्या आत निघून गेली होती. २०१४ साली फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांमधली जवळपास ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती. व्हिडिओ केवढाही लांब असला तरी बघणाऱ्याचं टिकणं साधारण सहा मिनिटांपर्यंतच, असं त्यांना दिसलं. आणि नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, काढत समजावलेलं जास्त धरून ठेवतं, हेही. ती मोठी, स्वतःहून शिकायला आलेली माणसं होती, माझी मुलं पंधरा वर्षांची. तरी आकडा माझ्या आलेखाशी जुळला. आता एका व्हिडिओत एकच रचना किंवा एकच प्रमेय, सहा ते आठ मिनिटं.

पण लांबीपेक्षाही मोठा बदल सासूबाईंमुळे झाला. मी रेकॉर्ड केलेलं ऐकत होते, त्या शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तू बोलतीस कुणाशी? समोर सभा बसलीया का?" मी "विद्यार्थी मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत" असं सुरू केलं होतं. वर्गात साठ मुलं समोर असतात, तिथे ते चालतं. रात्री नऊला चुलीजवळ फोन घेऊन बसलेलं पोर एकटं असतं, त्याला "मित्रांनो" म्हटलं की ते वाक्य त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या कुणाकडे तरी जातं. दुसऱ्या दिवशी मी "तू" वर आले. "कंपास घेतलास? आता पी वर टोक टेकव. थांब, घाई नको." इतकाच फरक. मुलांचे निरोप बदलले. आधी "व्हिडिओ पाहिला" येत होतं, आता "बाई, मी तिथं चुकलो" येतं आणि सोबत वहीचा फोटो.

बोलताना डोळ्यांसमोर एक मूल धरते. ते कोण हे कुणाला सांगत नाही. त्याला कुठे अडेल हे मला ठाऊक आहे, म्हणून आवाज आपोआप तिथे सावकाश होतो.

वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना घ्या. केंद्र ओ, बाहेरचा बिंदू पी. ओपी जोडायचा, त्याचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू एम मिळवायचा, एम केंद्र धरून एमओ त्रिज्येने वर्तुळ काढायचं, ते मूळ वर्तुळाला ए आणि बी मध्ये छेदतं, पीए आणि पीबी या स्पर्शिका. मी पहिल्यांदा हे पाच पायऱ्यांत सरळ सांगून टाकलं होतं. आलेखात एम मिळवण्याच्या जागी उंचवटा दिसला, म्हणजे मुलं तिथे परत परत मागे जाऊन बघत होती. पायरी अवघड नव्हती. मध्यबिंदूच का घ्यायचा, हे मी सांगितलंच नव्हतं! तो व्हिडिओ पुन्हा केला. आता ओपी जोडल्यावर मी हात उचलते आणि विचारते, "ए पाशी आपल्याला कुठला कोन हवाय?" मग दहा सेकंद गप्प. पडद्यावर नुसती आकृती. मग, "काटकोन. आणि काटकोन फुकटात कुठे मिळतो? अर्धवर्तुळात." त्यानंतर ओपी हा व्यास करावासा मुलाला स्वतःलाच वाटतं. ते दहा सेकंद संपादनात कापायचा मोह होतो. कापू नका.

चुकाही मी आता ठेवते. कंपास सरकला तर "सरकला, पुन्हा टेकवूया" म्हणते आणि पुढे जाते. घरी त्यांचाही सरकतो, आणि पुन्हा कसा टेकवायचा हे त्यांना तिथेच दिसतं.

निर्देशक भूमितीसाठी मात्र वही पुरली नाही. तिथे लॅपटॉपवर जिओजेब्रा हा आकृत्या काढायचा प्रोग्रॅम उघडते आणि ओबीएस या दुसऱ्या प्रोग्रॅमने पडदा रेकॉर्ड करते. बिंदू ओढला की रेषेचा चढ बदलताना दिसतो, ते कागदावर होत नाही. ओबीएसमध्ये फाइल एमकेव्ही प्रकारात ठेवा. एकदा वीज गेली, माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, आणि एमपी४ फाइल नीट बंद न झाल्याने पुढे कधी उघडलीच नाही. पूर्ण पहाट गेली. एमकेव्ही अर्ध्यात तुटली तरी तोवरचं शाबूत राहतं आणि नंतर ओबीएसमधूनच एमपी४ करता येते.

डेटाचा विचार आम्हाला करावाच लागतो. फोनवर १०८०पीचं, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचं, रेकॉर्डिंग मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जातं. हँडब्रेकमध्ये चित्र त्याहून लहान, ४८०पी, आणि आवाज एक चॅनेल (मोनो) केला की आठ मिनिटांचा व्हिडिओ ३५ एमबीत बसतो, कारण पांढऱ्या कागदावर हलणारं फारसं नसतंच. व्हॉट्सअॅपवर तो व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवते, म्हणजे पुन्हा दाबला जात नाही आणि आकृतीवरची अक्षरं फुटत नाहीत. मुलं तो कराडला किंवा मल्हारपेठेला आली की उतरवून घेतात आणि घरी रेंजशिवाय बघतात. ४के, म्हणजे १०८०पीपेक्षाही मोठं चित्र, एकदा करून पाहिलं. फोन तापला आणि रेकॉर्डिंग मधेच बंद पडलं, शिवाय त्याचा या मुलांना काडीचा उपयोग नव्हता.

खर्च विचाराल तर माईक, टेबलावरचा दिवा आणि रंगीत पेन्सिली मिळून दोन हजारांच्या आत. रिंग लाइट, ट्रायपॉड आणि झुकणारा स्टँड यांचे पैसे त्याहून जास्त होते, आणि ते वाचले असते. कुणी आज सुरू करत असेल तर पहिल्या महिन्यात माईकशिवाय काहीही घेऊ नका. गोधड्या आणि फळी घरात असतातच.

एका गोष्टीवर मला अजून उपाय सापडलेला नाही. रचना करताना मुलगा कंपास उलटा धरतो, पट्टी सरकवतो, ते वर्गात एका नजरेत कळतं. वहीच्या फोटोत फक्त शेवटची आकृती येते. सध्या मी चार मुलांना त्यांच्या हाताचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगितलंय, भावंडाने फोन धरायचा. दोघांचे आले. एकाचा अंगठा कंपासच्या पायावर होता, त्यामुळे दर वेळी त्रिज्या बदलत होती. सहा महिने त्याच्या आकृत्या का चुकत होत्या ते तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात महत्त्वमापन. शंकूचं वक्रपृष्ठफळ कागदाचा शंकू उलगडूनच दाखवायचं आहे, त्यामुळे फळीखाली आणखी दोन पुस्तकं लावावी लागतील.