पावसाळी सायकल टूरच्या नावाखाली पैसे घेऊन गायब, पुणेकरांनो सावध रहा

पुण्यातल्या सायकलवाल्यांनो हे जरा शेवटपर्यंत वाचा, कारण पाऊस अजून संपलेला नाही आणि आमचे पैसे अडकवणारा टूर आयोजक आता दुसऱ्या नावाने तीच टूर विकतोय असं कानावर आलंय.

टूर होती पुणे ते दिवेआगर, ताम्हिणी घाटातून, माणशी साडेसात हजार, त्यात सपोर्ट गाडी, मेकॅनिक, होमस्टे, जेवण सगळं. मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं की जुलैमधे ताम्हिणीत धो धो कोसळतो, दरडी येतात, मग काय करणार? तर म्हणाला, "सर टेन्शनच घेऊ नका, जास्त असेल तर सायकली टेम्पोत टाकून घाट उतरवू, माणगावपासून पुढे चालवायची, आणि रेड अलर्ट आला तर फुल रिफंड." उत्तर अगदी बरोबर होतं, चांगले ग्रुप पावसात असंच करतात, टूर रद्द करत बसत नाहीत, अवघड तुकडा गाडीने काढतात नाहीतर एक मुक्काम वाढवतात. म्हणून भरले पैसे. आमच्या सोसायटीतल्या काकांनी पण भरले, रिटायर झाल्यावरची त्यांची पहिली मोठी राइड, हौसेने नवीन मडगार्ड लावले, ब्रेक पॅड बदलून घेतले, कारण ओल्या उतारावर रिम ब्रेकचे पॅड खोडरबरासारखे झिजतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, रेड अलर्ट आलाय, टूर पुढे ढकलली. सोबत लालभडक नकाशाचा स्क्रीनशॉट. झूम करून बघितलं तर वरची तारखेची पट्टी कापलेली! हवामान खात्याचा इशारा रोज तारखेसकट येतो आणि पुण्याच्या घाट विभागाचा वेगळा देतात, तो उघडला तर घाटाला यलो आणि रायगडलाही यलो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, आणि रेड म्हणजे 24 तासांत 204.4 मिमीच्या वर पाऊस होईल असा अंदाज, केवढा फरक आहे बघा.

मग मी दिवेआगरच्या त्या होमस्टेला फोन लावला, नाव त्यानेच पाठवलेल्या प्लॅनमधे होतं. तिथल्या ताई म्हणाल्या, "नाही हो दादा, त्या नावाने आमच्याकडे बुकिंगच नाही. आणि पाऊस म्हणाल तर सकाळी एक सर येऊन गेली तेवढीच." म्हणजे टूर न्यायचीच नव्हती, पाऊस फक्त सांगायला.

पुढची तारीख दिली, तेव्हाही तेच. नंतर म्हणे पावसावर आमचा कंट्रोल नाही, रिफंड मिळणार नाही, क्रेडिट नोट घ्या. अरे पण रेड अलर्ट खरा असेल तर तुझ्याच शब्दाप्रमाणे पैसे परत दे, आणि खोटा असेल तर टूर का नाही नेलीस? काकांनी ग्रुपवर हेच विचारलं, शांतपणे, अहो-जाहो करून, तर त्यांना ग्रुपमधून काढूनच टाकलं आणि ग्रुप ओन्ली अॅडमिन केला. काका तेव्हापासून सायकलचा विषयच काढत नाहीत, मला पैशांपेक्षा त्याचा जास्त राग आहे.

पावसाळी टूर बुक करताना रिफंड कोणत्या अलर्टला, कोणत्या जिल्ह्याच्या, आणि किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कोणी मानत नाही. होमस्टेला स्वतः फोन करून बुकिंग आहे का विचारा, आणि टेम्पोवाल्याचा नंबर मागा, खरा आयोजक लगेच देतो. आमच्या वेळी क्यूआर कोडवर भलत्याच बाईचं नाव येत होतं, विचारल्यावर "अकाउंटंट आहेत" म्हणाला.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 आहे, तिथे जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. आम्ही काही जण मिळून जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, 5 लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही. तुम्ही पण त्या ग्रुपमधे असाल तर आजच चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, कारण त्याने गेल्या आठवड्यात डिसअपिअरिंग मेसेज चालू केलेत आणि नवीन मेसेज आपोआप गायब व्हायला लागलेत.