काश्मीर विंटर पॅकेज: गुलमर्ग झकास, 'बर्फ गॅरंटी' निव्वळ थाप

बेळगावातल्या एका टूरवाल्यांकडनं फेब्रुवारीत काश्मीर केलं, नाव घेत नाही. हॉटेल ठीक, जेवण बरं, गाडी वेळेवर. सांगायचंय ते बर्फाबद्दल, पैसे आपण त्यासाठीच मोजतो की.

गुलमर्ग लई भारी. तंगमर्गला गमबूट नि कोट भाड्यानं घेताना भुरभुर पाऊस चालू, आमची मंडळी तोंड पाडून बसलेली, आणि 13 किमी घाट चढून वर गेलो तर तोच पाऊस बर्फ होऊन पडायलाय! कोटाच्या काळ्या बाहीवर चांदणीसारखे कण, फुंकर मारली की उडणार. ड्रायव्हर भाईंनी मस्त समजावलं, हिवाळ्यात पार भूमध्य समुद्राकडनं ओल घेऊन ढग येतात, पीर पंजालच्या डोंगररांगेला थडकले की वर चढण्याशिवाय इलाज नाही, आणि वर चढणारी ढगाळ हवा किलोमीटरमागं साधारण 6 डिग्रीनं गार होते, मग ओल धरवत नाही, सगळी तिथंच रिकामी. आपल्या चोर्ला घाटाचं पण तेच की, गोव्याकडचं वारं घाट चढतंय, घाटमाथ्यावर कणकुंबी-जांबोटीला धो धो, आणि पूर्वेकडं अथणीपर्यंत ढगात काय शिल्लकच राहत नाही.

आता तक्रार. हे लोक लेहचं ॲड-ऑन खपवायलेत, म्हणे "तिथं थंडी जास्त, मग बर्फ पण जास्त." थंडी जास्त हे खरं, लेह 3,500 मीटरवर आहे, पण मधले एवढे डोंगर ओलांडून ओल पोचतेच कुठं? वर्षाचा पाऊस नि बर्फ मिळून जेमतेम 100 मिमी. ग्रुपमधलं निपाणीचं एक जोडपं विमानाचे वेगळे पैसे भरून गेलं, फोटोत सगळी भुरी माती आणि लांब शिखरांवर तेवढं पांढरं. गोम्पा म्हणजे तिथले बौद्ध मठ बघायला जरूर जा, बर्फात लोळायला नको.

आणि ती 'बर्फ गॅरंटी'! 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते, महिना संपता संपता कुठं बर्फ आला. डोंगर काय पळून गेला होता? पश्चिमेकडनं ढगच धड आले नव्हते. ऑफिसात विचारलं, बर्फ नसेल तर रिफंड मिळणार का, तर म्हणे "निसर्गापुढं आपण काय करणार." मग छापता कशाला?

जायचं तर फेब्रुवारीचं बघा, लेह कट करा, मोजे जादाचे घ्या कारण भाड्याचे गमबूट आतनं ओलेच असतात. 3 स्टार, त्यातले 2 ड्रायव्हर भाईंचे.