टीएफटीपीडी ६४ : फुकट आहे, हलकं आहे, आणि कुठे अडलंय ते सांगतं

एएमसीची (वार्षिक देखभालीची) कामं करणाऱ्या मुंबईतल्या कुठल्याही नेटवर्कवाल्याची बॅग उघडा, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली कन्सोल केबल आणि पेनड्राइव्हवर एखादा टीएफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइल घेणारं-देणारं सॉफ्टवेअर, सापडणारच. माझ्याकडे बरीच वर्षं टीएफटीपीडी ६४ आहे. पावसाळा जवळ आला की सगळ्या क्लायंटना अचानक नेटवर्क स्विचच्या सेटिंग्जचे (कॉन्फिगचे) बॅकअप आठवतात, मग ज्युनिअर पोरांचे फोन सुरू होतात, "सर, टाइम्ड आउट येतंय, काय करू?" त्यांना प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहितो.

आधी आहे काय ते सांगतो. विंडोजवर चालणारं छोटं, फुकट सॉफ्टवेअर, पोर्टेबल घेतलं तर इन्स्टॉल पण करायला लागत नाही, डबलक्लिक केलं की चालू. फोल्डर निवडा, वरच्या ड्रॉपडाऊनमधून लॅपटॉपचा आयपी निवडा, सिस्कोच्या स्विचवर कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी ही कमांड मारा, आयपी आणि फाइलचं नाव द्या, उद्गारचिन्हं आली की काम झालं. ॲक्सेस स्विचची कॉन्फिग फाइल म्हणजे काही केबी, सेकंदाचं काम. म्हणजे सगळं नीट असलं तर. आणि नीट नसतं म्हणूनच तर फोन येतात.

मला हे का आवडतं? लॉग व्ह्यूअरमुळे. बाकी सर्व्हर पण फाइल घेतात, पण याच्या विंडोत समोरच दिसतं की स्विचची हाक लॅपटॉपपर्यंत आली का नाही, आणि टीएफटीपीच्या भानगडीत अर्धं निदान तिथेच होतं. स्विचवर टिंबं टिंबं पडतायत (म्हणजे उत्तर येत नाहीये) आणि लॉग कोराच्या कोरा आहे, याचा अर्थ रिक्वेस्ट पोचलेलीच नाही, मग सर्व्हरची सेटिंग्ज चिवडण्यात काही अर्थ नाही. नव्वद टक्के पोरं नेमकं तेच करतात, सेटिंग्ज बदलत बसतात.

लॉग कोरा असेल तर पहिला संशय विंडोज फायरवॉलवर. लॅपटॉपची केबल थेट स्विचला लावली की गेटवे (बाहेरच्या नेटवर्कचा रस्ता) नसतो, विंडोज त्याला अनआयडेंटिफाइड नेटवर्क म्हणतं आणि जास्त कडक असलेलं पब्लिक प्रोफाइल लावतं, आणि तुम्ही कधीकाळी पहिल्यांदा परवानगी देताना फक्त प्रायव्हेटवर टिक केलेली असते. झालं, टीएफटीपीची रिक्वेस्ट ज्या दारातून येते तो यूडीपी पोर्ट ६९ बंद. आणि एक गंमत म्हणजे स्विचवरून लॅपटॉपला पिंग केलं (आहेस का म्हणून हाक मारली) तरी उत्तर येत नाही कारण विंडोज पिंगही अडवतं, मग पोरगं केबल बदलायला लागतं. उलटं करा ना, लॅपटॉपवरून स्विचला पिंग मारा, ते लागलं तर केबल आणि आयपी बरोबर आहे, बहुतेक दोष फायरवॉलचा. यूडीपी ६९ साठी इनबाऊंड रूल घाला, पूर्ण फायरवॉल बंद करू नका, क्लायंटचा आयटीवाला मागे उभा असतो.

दुसरा संशय ड्रॉपडाऊनवर. वायफाय चालू, लॅन चालू, वर व्हीपीएनचं अडॅप्टर, आणि सर्व्हर भलत्याच आयपीवर बसलाय. तिसरा स्विचचाच. मॅनेजमेंट पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्विचमधल्याच वेगळ्या राउटिंग कप्प्यात) असतो त्या मॉडेलवर साधं पिंग जाणारच नाही, व्हीआरएफचं नाव देऊन करायला लागतं, आणि टीएफटीपीसाठी आयपी टीएफटीपी सोर्स-इंटरफेस ही कमांड द्यायची. ज्या स्विचवर बरेच व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्कं) आहेत तिथेही हीच कमांड कामाला येते, नाहीतर स्विच भलत्याच आयपीवरून बोलतो आणि मधली ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचं त्याची यादी) त्याला दारातच थांबवते.

आता लॉगमध्ये कनेक्शन रिसीव्हड आलंय, राइट रिक्वेस्टही दिसतेय, पण पुढे ढिम्म. इथे टीएफटीपीचा मूळ स्वभाव आडवा येतो. रिक्वेस्ट ६९ वर येते पण सर्व्हर उत्तर देतो दुसऱ्याच पोर्टवरून, प्रत्येक ट्रान्सफरला नवीन. मध्ये फायरवॉल असेल आणि त्याला टीएफटीपी कळत नसेल तर तो म्हणतो हा कोण नवीन पाहुणा, आणि पॅकेट टाकून देतो. ६९ उघडलाय, उघडलाय म्हणून नेटवर्क आणि सिक्युरिटीवाले भांडत बसतात, दोघंही आपापल्या जागी खरे. अशा वेळी फायरवॉलवर टीएफटीपी इन्स्पेक्शन चालू करून घ्या किंवा सरळ लॅपटॉप फायरवॉलच्या अलीकडे नेऊन लावा.

आणि थेट एरर आला, ॲक्सेस व्हायोलेशन किंवा परमिशनचं काही, तर खूश व्हा, नेटवर्क चालतंय. फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये असेल, नाहीतर सिक्युरिटी रीड ओन्लीवर असेल. सी ड्राइव्हवर साधं फोल्डर करा आणि सिक्युरिटी स्टँडर्डवर ठेवा. लिनक्सवाल्यांचं दुखणं वेगळं, तिथे टीएफटीपीडी-एचपीए क्रिएट ऑप्शनशिवाय नवीन फाइल बनवूच देत नाही, आधी रिकामी फाइल करून सगळ्यांना राइट परमिशन द्यायला लागते.

बॅकअप नीट झालेत असं वाटतं पण झालेले नसतात, असाही एक प्रकार आहे. सिस्को स्विच फाइलचं नाव स्वतःच सुचवतो, होस्टनेम आणि पुढे कॉन्फग, आणि ज्या ऑफिसात कोणी होस्टनेमच दिलेलं नाही तिथे सगळ्यांचं नाव एकच. एंटर एंटर करत गेलात तर शेवटच्या स्विचची फाइल तेवढी उरते. नावात मजला आणि तारीख घाला, आणि निघण्याआधी फाइल उघडून तळाला एंड दिसतोय का बघा.

आता पाचातला एक स्टार का कापला ते. यातच आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर पण येतो, ग्लोबल टॅबमध्ये त्याची टिक राहिली, वाटायच्या आयपींचा पूल भरलेला असला आणि तुम्ही क्लायंटच्या चालू लॅनला चिकटलात तर लोकांना तुमच्या लॅपटॉपवरून आयपी मिळायला लागतील, मग अंधेरीच्या एमआयडीसीत पूर्ण मजला तुमच्या नावाने ओरडेल. टीएफटीपी सोडून बाकी सगळ्या टिक काढा, पहिलं काम ते.

मोठ्या फाइलसाठी मात्र हा मार्गच नको, आणि तो दोष सॉफ्टवेअरचा नाही. टीएफटीपी एक ब्लॉक पाठवतं, पोच आली की पुढचा. मूळचा ब्लॉक ५१२ बाइटचा, म्हणजे इथे बसून दिल्लीच्या ब्रँचची फाइल ओढताय आणि जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागतायत, तर सेकंदाला जेमतेम १३ केबी. शिवाय ब्लॉक नंबर १६ बिटचा, त्यामुळे जुन्या पद्धतीत ३२ एमबीच्या आसपास गाडी अडते. १९९८ च्या आरएफसी २३४८ या इंटरनेट मानकाप्रमाणे ब्लॉक मोठा करता येतो, पण दोन्ही बाजूंनी ते मानायला हवं. फर्मवेअरसाठी (स्विचच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरसाठी) एससीपी, म्हणजे लॉगिन लागणारी एन्क्रिप्टेड कॉपी, किंवा यूएसबी वापरा.

पासवर्ड नावाची गोष्ट टीएफटीपीत नाहीच, फाइल उघड्यावर जाते, आणि त्या फाइलमध्ये एसएनएमपीच्या कम्युनिटी (स्विचवर लांबून लक्ष ठेवायला लागणारे पासवर्डसारखे शब्द) आणि सहज उलगडता येणारे सिस्कोचे टाइप ७ पासवर्ड असतात. म्हणून सर्व्हरवर हे कायमचं चालू ठेवायला मी सुचवणार नाही, रोजच्या ऑटोमॅटिक बॅकअपला एससीपीच बघा. साइटवर जाऊन हातात एक कॉपी घ्यायचीय तर माझ्याकडून ५ पैकी ४. काम झालं की विंडो बंद करा, फाइल क्लायंटच्या जागी ठेवा आणि आपल्या लॅपटॉपवरची डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा.