न घडलेल्या इतिहासातील युद्धनौकेचे मॉडेल: तीन मार्गांची तुलना

जी युद्धनौका प्रत्यक्षात कधी लढलीच नाही तिचे मॉडेल करायचे ठरवल्यावर बहुतेक जण आधी किट, म्हणजे जोडून मॉडेल करायच्या सुट्या भागांचा संच, शोधू लागतात. माझ्या मते इतिहास नेमका कुठे वळला हे आधी ठरवावे आणि किट त्यानंतर निवडावे, कारण नौका किती प्रमाणात काल्पनिक आहे यावरच श्रम, साहित्य आणि पाहणाऱ्याला ती पटण्याची शक्यता अवलंबून असते. ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. अपुरी राहिलेली नौका पूर्ण झाली असे मानता येते, जवळजवळ आराखड्यापुरतीच उरलेली नौका बांधली गेली असे मानता येते, किंवा सर्वस्वी नवी नौका कल्पिता येते.

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीची विमानवाहू नौका ग्राफ झेपेलिन. ८ डिसेंबर १९३८ रोजी तिचे जलावतरण झाले, पण ती शेवटपर्यंत पूर्ण झाली नाही. ट्रम्पेटर या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने तिचे किट काढलेले असल्यामुळे हल (नौकेचे मुख्य धड), डेक किंवा धुरांडे यांच्यासाठी वणवण करावी लागत नाही आणि सगळा वेळ महत्त्वाच्या प्रश्नाला देता येतो, तो म्हणजे ती १९४३ मध्ये खरोखर सेवेत असती तर कशी दिसली असती. तिच्यावर १५ सेंमीच्या १६ तोफा नियोजित होत्या. अमेरिकेने १९४२ मध्ये सॅराटोगा या विमानवाहू नौकेवरील ८ इंची तोफा उतरवून विमानांवरही मारा करू शकणाऱ्या ५ इंची तोफा बसवल्या. असाच धडा जर्मन नौदलाने घेतला असे मानून त्या तोफा कमी करणे आणि विमानविरोधी तोफा वाढवणे एवढा एकच बदल मॉडेलला स्वतंत्र इतिहास देण्यास पुरेसा आहे. नवख्या कारागिराने मी सांगेन तर हाच मार्ग धरावा.

आराखड्यावरच्या नौकांमध्ये अमेरिकेची माँटाना, ब्रिटनची लायन आणि जर्मनीची एच-३९ या तीन वर्गांकडे (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या नौका) सर्वाधिक लक्ष जाते. यांची मुख्य मापे आणि तोफांची मांडणी ठाऊक असल्याने हलचा आकार मनाने ठरवावा लागत नाही, मात्र आराखडा ज्या वर्षी थांबला त्याच वर्षाची साधने त्यावर दिसतात. माँटाना वर्ग जुलै १९४३ मध्ये रद्द झाला. तिला १९४५ च्या पॅसिफिकमध्ये दाखवायचे असेल, तर रडार आणि ४० मिमी बोफोर्स विमानविरोधी तोफांची दाटी त्या वर्षीच्या अमेरिकेच्याच आयोवा वर्गावरून घ्यावी लागेल. या वर्गाची रुंदी सुमारे ३७ मीटर होती आणि पनामा कालव्याची तेव्हाची लॉक (जहाजे वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे) सुमारे ३३.५ मीटर रुंद होती. कालव्याच्या मोठ्या लॉकचे काम १९४० मध्ये सुरू होऊन १९४२ मध्ये थांबले. म्हणजे माँटाना समुद्रात उतरवणाऱ्याने ते काम पूर्ण झाले असेही गृहीत धरावे, नाहीतर नौकेला दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जावे लागेल. अशा तपशिलांमुळे या मार्गाला एक प्रकारचा भारदस्तपणा येतो आणि मला तो मनापासून आवडतो.

सर्वस्वी काल्पनिक नौका सर्वांत मोकळी वाटते, पण प्रत्यक्षात तीच सर्वांत कठीण आहे, कारण येथे चुकीला अडवणारा कोणताही आराखडा नसतो. एका किटचा हल आणि दुसऱ्याची टरेट (तोफांचे फिरते चिलखती मनोरे) जोडणे सोपे आहे. तथापि यामाटो या जपानी युद्धनौकेचे एकेक टरेट सुमारे २,५०० टनांचे होते आणि त्याखालचा बार्बेट, म्हणजे टरेटला आधार देणारा चिलखती नळकांड्यासारखा भाग, डेकमधून खोलवर उतरत असे. तेवढी रुंदी आणि खोली नसलेल्या क्रूझरच्या हलवर असे टरेट बसवले, तर जाणकाराची नजर सर्वप्रथम तिथेच जाते. खऱ्या संरचनाकारांनाही वजनापुढे झुकावे लागले. ब्रिटनच्या किंग जॉर्ज पाचवा वर्गात चार तोफांची तीन टरेट ठरली होती, पण चिलखताच्या वजनासाठी त्यांपैकी एक दोन तोफांचे करण्यात आले. १९४६ मध्ये सेवेत आलेल्या ब्रिटनच्याच व्हॅनगार्डवर तर १९२० च्या दशकात करेजस आणि ग्लोरियस या नौकांवरून काढलेली १५ इंची टरेट बसवली होती. काल्पनिक नौकेतही अशी एखादी तडजोड, म्हणजे जुनी टरेट, उशिरा जोडलेला मास्ट किंवा हलला नंतर लावलेला फुगवटा दाखवला, की ती कुण्या देशाने हाती असलेल्या सामग्रीतून बांधली असावी असे वाटू लागते.

या मार्गासाठी सर्वांत सुपीक वळण म्हणजे मोठ्या युद्धनौकांच्या बांधणीवर मर्यादा घालणारा १९२२ चा वॉशिंग्टन नौदल करार झालाच नाही असे मानणे. करारामुळे ब्रिटनच्या चार जी-३ बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांच्या वेगवान युद्धनौका) रद्द झाल्या आणि अमेरिकेच्या लेक्सिंग्टन व सॅराटोगा विमानवाहू झाल्या. जपानची अमागी विमानवाहू होण्याच्या वाटेवर असताना १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात निकामी झाली. या नौकांना वीस वर्षांचे आयुष्य आणि त्यातली एक आधुनिकीकरणाची फेरी दिली, की नवी नौका कल्पितानाही पाय जमिनीवर राहतात.

प्रमाणाचा निर्णय मार्गानुसार बदलतो. २६२.५ मीटर लांबीची ग्राफ झेपेलिन १/३५० मध्ये ७५ सेंमी भरते आणि १/७०० मध्ये त्याच्या निम्मी. किटमध्ये थोडा बदल करायचा असेल तर १/३५० चा तपशील उपयोगी पडतो. काल्पनिक नौकेसाठी मात्र मी १/७०० सुचवेन, कारण त्या प्रमाणात टरेट, बोटी आणि तोफांचे सुटे संच विपुल मिळतात, डेकवरील बांधकाम प्लॅस्टिक शीटमधून उभारता येते आणि हल पटला नाही तर तो बाजूला ठेवून दुसरा घेणे परवडते. थ्रीडी प्रिंट दोन्ही प्रमाणांत कामी येते, पण त्याआधी कागदावर बाजूचे आणि वरून दिसणारे रेखाचित्र मापात काढून टरेटांना फिरायला जागा उरते का, हे तपासून घ्यावे.