फिल्टर प्रेस मंदावला: दाब वाढवायचा, कापड बदलायचं की स्लरी सुधारायची?

फिल्टर प्रेस घन कण मिसळलेला द्रव, म्हणजे स्लरी, पंपाच्या दाबाने कापडातून गाळतो: कणांचा थर (केक) कापडावर साचतो आणि गाळलेला द्रव (फिल्ट्रेट) बाहेर येतो. बॅच लांबायला लागली की आधी पंपाचा दाब वाढवला जातो. त्याआधी एक आलेख काढाच. दाब स्थिर झाल्यानंतर ठरावीक अंतराने किती फिल्ट्रेट जमलं ते नोंदवा. लागलेल्या वेळेला त्या आकारमानाने भागा आणि आलेला भागाकार आकारमानासमोर मांडा. बिंदू बहुधा सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ केकचा अडथळा दाखवतो, आणि ती उभ्या अक्षाला जिथे छेदते ती उंची कापडाचा. तुलना करताना घनपदार्थांचं प्रमाण, तापमान आणि दाब तेच हवेत.

छेद दर बॅचला वर सरकतोय आणि चढ तसाच आहे? मग कापड बुजलंय. धुवा, क्षारांचे थर असतील तर कापडाला चालणारं आम्ल वापरा, तरीही फरक नसेल तर बदला. नवीन कापडावर सुरुवातीचा प्रवाह हळू ठेवा, नाहीतर बारीक कण थेट विणीत घुसतात.

चढच जास्त असेल तर नवीन कापडाचा खर्च वाया जातो. तिथे खरी निवड दाब आणि स्लरी यांत आहे, आणि ती केक किती दबतो यावर ठरते. कडक स्फटिकांचा केक फारसा दबत नाही. दाब दुप्पट केला की प्रवाहही जवळपास दुप्पट होतो, तेव्हा खुशाल वाढवा. हायड्रॉक्साइडचा किंवा जैविक गाळ मात्र कापडालगत घट्ट बसतो. दाबाबरोबर अडथळाही वाढतो आणि प्रवाह जेमतेम हलतो. अशा गाळासाठी माझं मत ठामपणे स्लरी सुधारण्याच्या बाजूने आहे. कणांचा व्यास निम्मा झाला की केकचा अडथळा साधारण चौपट होतो, त्यामुळे बारीक कणांचे गुच्छ बांधणारं फ्लॉक्युलंट इथे दाबापेक्षा कितीतरी जास्त काम करतं. पण मात्रा जास्त झाली तर कापड चिकट होतं, आणि वेगवान सेंट्रिफ्यूगल पंप बांधलेले गुच्छ फोडतो. डायटोमाइट किंवा परलाइट यांसारखी सच्छिद्र खनिज पावडर मिसळल्यानेही केक मोकळा राहतो. मात्र केक हेच तुमचं उत्पादन असेल तर तो मार्ग बंद.

स्लरी गरम करणं शक्य असेल तर तेही तपासा: २० वरून ४० अंश सेल्सिअसला पाण्याची स्निग्धता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) सुमारे एक तृतीयांशाने उतरते.

यातलं काहीच जमत नसेल तर पातळ केक घ्या. कापडाचा अडथळा नगण्य असेल तर निम्म्या जाडीला सुमारे चौथा हिस्सा वेळ लागतो. प्रेस उघडून केक पाडायला मात्र प्रत्येक फेरीला तितकाच वेळ जातो, म्हणून गाळणं तासन्‌तास चालत असेल तरच हा सौदा परवडतो.